ट्राम आली आणि चुंबकमापक अलिबागला गेलं

आजच्या भागाला सुरुवात करण्याआधी एक छोटं काम करा. फोनमधलं कंपासचं ॲप उघडा आणि फोन हळूहळू फ्रिजच्या दाराजवळ न्या. नाहीतर इअरफोनच्या डबीजवळ न्या. काटा कसा भरकटतो ते बघा. म्हणजे तुमच्या फोनमध्ये एक छोटंसं चुंबकमापक आहे, मॅग्नेटोमीटर. आजची गोष्ट त्याच्याच खापरपणजोबांची आहे.

आधी माझी फजिती सांगतो. मागे मी स्कूटरसाठी चुंबकवाला मोबाइल होल्डर घेतला. फोन टक्कन चिकटतो, मस्त वाटलं. पण त्या दिवसापासून नकाशातला बाण वेड्यासारखा फिरायला लागला. डावीकडे जायचं तर उजवीकडे दाखवायचा. पेठांमधल्या गल्ल्यांत मी दोनदा त्याच मारुतीपाशी परत आलो. फोन बिघडला म्हणून दुकानात घेऊन गेलो. दुकानातल्या दादांनी काय केलं? फोन होल्डरवरून उचलला, हातात धरून दोनदा आठच्या आकड्यासारखा फिरवला आणि म्हणाले, ‘‘फोन बरोबर आहे हो. जागा चुकलीय.’’

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. यंत्र उत्तम असून चालत नाही, ते कुठे ठेवलंय यावर अर्धं उत्तर ठरतं. आणि गंमत म्हणजे याच एका प्रश्नापायी, चुंबकमापक ठेवायचं कुठे, मुंबईच्या वेधशाळेचं चुंबकत्वाचं काम समुद्रापलीकडे अलिबागला हलवावं लागलं. आज तीच गोष्ट.

सगळी पृथ्वी मोजायची, पण किती ठिकाणी?

एकोणिसाव्या शतकात जहाजं होकायंत्रावर चालायची. पण होकायंत्र अगदी खऱ्या उत्तरेकडे बोट दाखवत नाही. किती चुकतं, हे जागेप्रमाणे बदलतं आणि वर्षागणिकही बदलतं. म्हणून पृथ्वीचं चुंबकत्व नीट मोजणं हा दर्यावर्दी देशांसाठी पैशाचा आणि जिवाचा प्रश्न होता.

आता अडचण बघा. पृथ्वी एवढी मोठी. प्रत्येक कोसावर यंत्र ठेवणं शक्यच नाही. मग मोजक्या जागांवरून सगळ्या पृथ्वीचा अंदाज कसा बांधायचा? कार्ल फ्रेडरिक गाउस या जर्मन गणितज्ञानं १८३९ मध्ये हे करून दाखवलं. त्यानं तेव्हाच्या नकाशांवरून सात अक्षवृत्तांवरच्या प्रत्येकी १२ जागा घेतल्या, म्हणजे एकूण ८४. त्यावरून २४ संख्या काढल्या आणि त्या २४ संख्यांमधून पृथ्वीच्या चुंबकत्वाचं गणित मांडलं. याच गणितातून हेही दिसलं की हे चुंबकत्व जवळजवळ सगळं पृथ्वीच्या आतून येतं.

पण नकाशावरच्या जागा निवडणं सोपं. प्रत्यक्ष वेधशाळा तिथेच होतात जिथे कुणाची तरी सत्ता असते, रस्ता असतो, पगार देणारं कुणी असतं. इंग्रजांनी टोरांटो, सेंट हेलेना, केप आणि टास्मानियातलं होबार्ट इथे वेधशाळा काढल्या. ईस्ट इंडिया कंपनीच्या वाट्याला मद्रास, सिमला, सिंगापूर आणि मुंबई आली. मुंबईत कुलाब्याला १८२६ पासून एक वेधशाळा होतीच, जहाजांच्या घड्याळांना अचूक वेळ मिळावी म्हणून बांधलेली. तिथेच १८४१ मध्ये चुंबकत्वाच्या नोंदी सुरू झाल्या.

म्हणजे मुंबईची निवड शास्त्रापेक्षा सोयीनं झाली होती. पुढे जे झालं त्यात नशिबाचा भाग मोठा आहे, हे लक्षात ठेवा.

२ सप्टेंबर १८५९, कुलाबा

१ सप्टेंबर १८५९. इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन नावाचे गृहस्थ दुर्बिणीतून सूर्यावरचे डाग कागदावर उतरवत होते. अचानक डागांच्या घोळक्यावर दोन प्रखर पांढरे ठिपके झळकले आणि काही मिनिटांत विझले. सूर्यावरचा असा भडका माणसानं पाहून नोंदवल्याची ही पहिलीच वेळ. त्यानंतर साधारण साडेसतरा तासांनी पृथ्वीवर गोंधळ उडाला. ध्रुवाजवळच दिसणारा अरोरा, म्हणजे आकाशातले ते रंगीत पडदे, थेट क्युबापर्यंत दिसले. अमेरिकेत तारा आपोआप विजेनं भारल्या. बॉस्टन आणि पोर्टलंडच्या तारवाल्यांनी बॅटऱ्या काढून ठेवल्या आणि आकाशातून आलेल्या विजेवरच निरोप पाठवले!

मग वेधशाळांमध्ये काय झालं? लंडनजवळच्या क्यू वेधशाळेत तेव्हाचं आधुनिक यंत्र होतं. फोटोच्या कागदावर प्रकाशाची रेघ आपोआप उमटायची. पण वादळ इतकं मोठं होतं की ती रेघ कागदाच्या बाहेरच गेली. पुढचं मोजमाप हुकलं.

कुलाब्यात मात्र माणसं होती. चुंबकाचं हलणं ती डोळ्यांनी मोजपट्टीवर वाचायची आणि वहीत लिहायची. एरवी तासाला एक नोंद, आणि वादळ आलं की पंधरा मिनिटांनी, कधी पाच मिनिटांनी. मुंबईत तेव्हा भर दिवस होता, आकाशात बघण्यासारखं काहीच नव्हतं. पण वहीत आकडे घसरत गेले. जमिनीला समांतर असलेली चुंबकी खेच सुमारे १,६०० नॅनोटेस्लानं खाली आली. एरवी ती इथे चाळीस हजारांच्या जरा आत असते. म्हणजे पृथ्वीची चार टक्के खेच काही काळ गायब!

तुलनेसाठी सांगतो. मार्च १९८९ च्या वादळात कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची वीज गेली. दीड-दोन मिनिटांत सगळं जाळं कोसळलं, साठ लाख लोक नऊ तास अंधारात होते. त्या वादळाचा जागतिक आकडा होता ५८९.

ढोलाजवळ उभं राहून सनई

कुलाब्याच्या आकड्यांना इतका भाव का? उत्तर आहे जागेत.

सूर्यावरून विद्युतभारित कणांचा लोंढा आला की पृथ्वीभोवती, हजारो किलोमीटर उंचावर, विजेच्या प्रवाहाचं एक कडं जोर धरतं. हे कडं पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या उलट दिशेनं काम करतं, म्हणून खाली जमिनीवरचा आकडा घसरतो. वादळ किती मोठं, हे या घसरणीवरून कळतं.

पण यंत्र ध्रुवाकडे ठेवलं तर? तिथे डोक्यावर शंभरेक किलोमीटरवर अरोराचे स्वतःचे प्रवाह धुमाकूळ घालत असतात. बरं, मग अगदी चुंबकी विषुववृत्तावर ठेवूया? तिथेही दर दुपारी तेवढ्याच उंचीवर विजेचा एक अरुंद झोत वाहतो. दोन्ही ठिकाणी अवस्था ढोलपथकात उभं राहून सनई ऐकण्यासारखी. कड्याचा आवाज स्वच्छ ऐकायचा तर ध्रुवापासून लांब, पण विषुववृत्तावर नाही, अशी मधली जागा हवी. मुंबई नेमकी तशा पट्ट्यात बसते. कंपनीनं ही जागा जहाजांच्या घड्याळांसाठी निवडली होती, सूर्याच्या वादळासाठी नाही. पण बसली बरोबर.

मूस साहेब आणि ट्राम

आता येतात आपले नायक. नानाभॉय अर्देशिर फ्रामजी मूस. पारशी शास्त्रज्ञ, एडिंबरात शिकलेले, कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक. जन्म कधीचा? १८५९ चा. त्याच वादळाच्या वर्षातला!

विसावं शतक उजाडताना मुंबईत विजेची ट्राम येणार हे स्पष्ट दिसत होतं. शहरासाठी आनंदाची गोष्ट. वेधशाळेसाठी संकट. ट्रामची वीज डोक्यावरच्या तारेतून येते आणि रुळांतून परत जाते. पण सगळी रुळांतून जात नाही, थोडी जमिनीत झिरपते. वीज वाहिली की चुंबकत्व आलंच. म्हणजे दर ट्रामगणिक चुंबकमापक हलणार, आणि सूर्य बोलतोय की ट्राम, हे कळायला मार्गच नाही. टोरांटोच्या वेधशाळेवर हीच वेळ आली आणि १८९८ मध्ये ती गावाबाहेर हलवावी लागली. पुढे क्यूचं चुंबकत्वाचं काम लंडन सोडून स्कॉटलंडमधल्या एस्कडेलम्यूरला गेलं. कारण तेच, ट्राम.

मूस यांनी अलिबाग निवडलं. सरळ रेषेत तीसेक किलोमीटर, मधे समुद्र, ट्राम येण्याची भीती नाही. इमारतही साधी नाही. आपला सह्याद्रीचा काळा दगड स्वतःच किंचित चुंबकी असतो, म्हणून पोरबंदरचा दगड आणला. लोखंड वापरायचं नाही. जिथे धातू लागेल तिथे तांबं-पितळ. एक गंमत सांगू? अलिबाग हे तेव्हा कुलाबा जिल्ह्याचं मुख्य ठिकाण. म्हणजे वेधशाळा कुलाब्यातून निघाली ती कुलाब्यातच पोचली!

पण मूस यांची खरी हुशारी पुढे आहे. १९०४ मध्ये अलिबागला नोंदी सुरू झाल्या, तरी त्यांनी कुलाब्याचं यंत्र लगेच बंद केलं नाही. १९०६ पर्यंत, दोन वर्षं, दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी चालू ठेवल्या. कशासाठी? विचार करा. किराणावाल्यानं तराजू बदलला आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या तांदळाचं वजन वेगळं भरलं, तर तांदूळ कमी झाला की तराजू वेगळा? कळणार नाही. पण तेच पोतं दोन्ही तराजूंवर मोजून ठेवलं असेल, तर फरक किती धरायचा ते ठाऊक असतं. मूस यांनी नेमकं हेच केलं. मुंबईत विजेची ट्राम धावली मे १९०७ मध्ये. तोवर काम फत्ते झालं होतं.

१९१० मध्ये त्यांनी १८४६ ते १९०५ अशा साठ वर्षांच्या नोंदी अभ्यासासकट दोन खंडांत छापल्या. त्यामुळे कुलाबा आणि अलिबाग मिळून ही साखळी १८४० च्या दशकापासून आजपर्यंत जुळते. जगात अशा लांब साखळ्या फार थोड्या आहेत.

आणि २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी, गुरबक्स लाखिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८५९ च्या वादळाचा हिशोब मांडला, तेव्हा तो याच कुलाब्याच्या आकड्यांवर उभा राहिला. दीडशे वर्षांपूर्वी डोळे ताणून लिहिलेले आकडे!

एक साक्षीदार पुरत नाही

इथे गोष्ट संपवली असती तर छान वाटलं असतं. पण एक खोच आहे, ती सांगितली नाही तर तुमची फसवणूक होईल.

१,६०० चा तो खड्डा खोल आहे, पण अरुंद आहे. तासाची सरासरी काढली तर आकडा ८५० च्या आसपास येतो. आणि तो खड्डा सगळा त्या उंचावरच्या कड्यामुळे पडला, की अरोराचे प्रवाह त्या दिवशी खूप खाली सरकले होते त्यामुळेही, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. मुंबई तेव्हा उजेडात होती. त्याच क्षणी अंधारातल्या बाजूला, तेवढ्याच अक्षांशावर, असंच दुसरं यंत्र चालू असतं तर वाद मिटला असता. दोन्हीकडे सारखी घसरण दिसली तर कडं. एकीकडेच दिसली तर काहीतरी स्थानिक.

म्हणून आज वादळाचा जागतिक आकडा चार ठिकाणांवरून काढतात. हवाईतलं होनोलुलू, पोर्तो रिकोतलं सान हुआन, दक्षिण आफ्रिकेतलं हर्मेनस आणि जपानमधलं काकिओका. नकाशावर बोट ठेवून बघा. चारही ध्रुवापासून लांब, विषुववृत्ताच्या झोतापासूनही लांब, आणि पृथ्वीभोवती पसरलेली. कुणी ना कुणी उजेडात असतं, कुणी ना कुणी अंधारात. चाळीस यंत्रं एकाच जिल्ह्यात ठेवली असती तर हे साधलं नसतं, कारण शेजारी ठेवलेली दोन यंत्रं तीच बातमी दोनदा सांगतात. आज संवेदक कुठे ठेवायचे याचं गणित संगणक करतात, पण मुद्दा हाच. पुढचं यंत्र तिथे ठेवा जिथून आधीच्यांनी न सांगितलेलं काहीतरी कळेल.

काकिओकाचीही एक गोष्ट आहे. तिथे रेल्वेचं विद्युतीकरण करायचं होतं. एकदिश वीज वापरली तर वेधशाळेचे आकडे बिघडणार. मुंबईत वेधशाळा हलली. जपानमध्ये रेल्वे बदलली! तोक्योहून निघालेल्या जोबान मार्गावर तोरिदे स्टेशनच्या पुढे वीज बदलते, एकदिशची प्रत्यावर्ती होते. त्यासाठी दोन्ही विजांवर चालणाऱ्या महागड्या गाड्या ठेवाव्या लागल्या. एका चुंबकमापकाच्या शांततेची किंमत एका देशानं अशी मोजली.

गोंगाटच हवा असेल तर?

मगाशी मी विषुववृत्तावरच्या झोताला ढोलपथक म्हणालो. पण कुणाला ढोलच ऐकायचा असेल तर? डॉ. विक्रम साराभाईंना तोच हवा होता. तो झोत वाहतो शंभरेक किलोमीटरवर. तिथे फुगा पोचत नाही आणि उपग्रह त्याहून वरून जातात. मधे जायचं तर रॉकेटच हवं, आणि तेही चुंबकी विषुववृत्ताजवळून सोडायला हवं. म्हणून केरळमधलं थुंबा. मच्छीमारांचं गाव, एक चर्च. २१ नोव्हेंबर १९६३ ला तिथून पहिलं रॉकेट उडालं. भारताच्या अवकाश कार्यक्रमाचा पत्ता यंत्र कुठे ठेवायचं या प्रश्नानं ठरवला, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

यातून मला एक गोष्ट पटली. ‘सगळ्यात चांगली जागा’ असं काही नसतं. आधी प्रश्न सांगा, मग जागा सांगता येते. मुंबईला जो गोंगाट, ते थुंब्याला गाणं.

वाऱ्याच्या वाटेवर

शेवटचा टप्पा. आतापर्यंतची सगळी यंत्रं वादळ आल्यावर सांगतात. आधी कळायला हवं असेल तर यंत्र वादळाच्या वाटेवर ठेवायला हवं. अशी एक जागा आहे, एल-वन बिंदू. पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेनं १५ लाख किलोमीटर. तिथे ठेवलेलं यान पृथ्वीच्या बरोबरीनं सूर्याभोवती फिरत राहतं. आपलं आदित्य एल-वन २ सप्टेंबर २०२३ ला निघालं आणि ६ जानेवारी २०२४ ला त्या बिंदूभोवतीच्या कक्षेत शिरलं. निघालं तो दिवस पाहिलात? २ सप्टेंबर. कुलाब्याच्या त्या नोंदीचीच तारीख. योगायोगच, पण गोड आहे.

आता माझा आवडता तपशील. आदित्यवरही चुंबकमापक आहे. आणि त्याला अडचण तीच, ट्रामची! यानात स्वतःचीच वीज खेळते, तिचं चुंबकत्व मोजमापात मिसळतं. मग काय केलं? यानातून सहा मीटर लांब दांडा बाहेर काढला. त्यावर दोन मापकं बसवली, एक तीन मीटरवर, एक सहा मीटरवर. दोघांच्या आकड्यांतल्या फरकावरून यानाचा स्वतःचा गोंगाट किती ते कळतं आणि तो वजा करता येतो. म्हणजे बघा, मूस यांनी कुलाबा आणि अलिबाग एकाच वेळी चालू ठेवलं, तसंच हे. प्रश्न थोडा वेगळा, पण दोन ठिकाणी एकदम मोजण्याची युक्ती तीच.

पण फार निश्चिंत होऊ नका. नेहमीचा सौरवारा सेकंदाला चारेकशे किलोमीटरनं वाहतो, तेव्हा त्या बिंदूवरून तासाभराची आगाऊ सूचना मिळते. १८५९ सारखं वादळ साडेसतरा तासांत सूर्यापासून इथे पोचलं. त्या वेगानं हिशोब केला तर हातात उरतात दहा-अकरा मिनिटं. वीजजाळ्याच्या नियंत्रण कक्षात बसलेल्या माणसाला तेवढ्यात निर्णय घ्यायचा आहे. मे २०२४ च्या वादळात लडाखमधल्या हानले इथून लाल अरोराचे फोटो निघाले, आपण ते फॉरवर्ड केले. तेव्हाचा आकडा चारशेच्या जरा पुढे होता. १८५९ त्याहून बराच मोठा.

जाता जाता

अलिबागची वेधशाळा आजही चालू आहे, पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या देखरेखीखाली. पुढच्या वेळी मांडव्याच्या बोटीत बसाल, किनाऱ्यावर भजी खायला जाल, तेव्हा आठवण ठेवा की तुम्ही त्याच वाटेनं चाललाय, जिकडे शांततेच्या शोधात एक यंत्र गेलं होतं.

आणि एक सवय लावून घ्या. आज आपण रोज कुठल्या ना कुठल्या मापकाचा आकडा वाचतो. हवा किती खराब, पाऊस किती पडला, नदी किती चढली. आकडा वाचला की लगेच विचारा, यंत्र ठेवलंय कुठे? बागेत की चौकात? ते तिथे कुणाच्या सोयीनं ठेवलंय? शेजारी कुठली ट्राम धावतेय? आणि उद्या ते हलवलं, तर जुन्या आणि नव्या जागेचा मेळ घालायला कुणी मूस आहेत का?

फोन बरोबर असतो हो, बऱ्याचदा. जागा तपासा.

तो होल्डर मी काढून टाकलाय, बरं का. भेटूया पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा आणि काळजी घ्या!